कसेल त्याचे जनुक

मराठीत नाळेला जेवढा मान आहे तेवढा वारेला नाही. नाळ गावाशी जुळते, मातीशी जुळते, तुटली तर माणूस हळहळतो. परक्या गावात फार रेंगाळणाऱ्याला 'तुझी नाळ पुरलीय का इथं?' असे विचारता येते. वारेच्या वाट्याला मात्र एकच प्रश्न आला, 'वार पडली का?' ती पडली की सुईण मोकळी. गोठ्यात तर गायीने ती खाऊ नये म्हणून राखण करायची, आणि काही भागांत फडक्यात बांधून वडासारख्या चिकाच्या झाडाला टांगायची, तसेच दूध वाढावे म्हणून. खरे पाहता नाळ ही नुसती वाहिनी. नऊ महिने बाळाचे फुप्फुस, मूत्रपिंड आणि आतडे होऊन राबते ती वार.

या वारेचा जो भाग आईच्या रक्तात बुडालेला असतो, त्याच्या अंगावर एक अजब थर असतो. पेशी म्हणजे एक आवरण आणि आत एक केंद्रक, असे आपण शाळेत शिकलो. या थरात असंख्य पेशी एकमेकींत मिसळून एकच अवाढव्य पेशी झालेली असते. आत अब्जावधी केंद्रके, आणि मध्ये कुठेही भिंत नाही. दिवस भरत येतात तेव्हा या थराचा पसारा सुमारे १२ चौरस मीटर होतो. चाळीतली दहा बाय बाराची खोली त्यापुढे थोडी कमीच पडेल. भिंत नाही म्हणजे दोन पेशींमधली फटही नाही, आणि फट नाही म्हणजे आईच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशींना किंवा जंतूंना आत सरकायला वाट नाही. पेशींना असे एकमेकींत मिसळायला लावणारे जे प्रथिन आहे, ते एका विषाणूचे आहे. आपल्या पूर्वजांना कोट्यवधी वर्षांपूर्वी त्याची लागण झाली होती.

हा शोध आता पंचवीस वर्षांचा झाला. त्यातून 'माणूस आठ टक्के विषाणू आहे' असा एक मथळा जन्माला आला आणि तो दर दोन-चार महिन्यांनी कुठे ना कुठे छापून येतो. आकडा खरा आहे. २००१ मध्ये मानवी जनुकसंचाचा पहिला मसुदा प्रसिद्ध झाला तेव्हा रेट्रोव्हायरस आणि त्यांच्या भाऊबंदांचे चार लाखांहून अधिक तुकडे त्यात सापडले. एकूण डीएनएचा हा आठ टक्क्यांच्या आसपासचा भाग. प्रथिने लिहिणारा आपला स्वतःचा भाग जेमतेम दीड टक्का. पण आठ टक्के हा जमिनीचा आकडा आहे, पिकाचा नव्हे. त्या सगळ्या जमिनीत आज खरोखर पीक किती निघते, आणि निघते हे कळले कसे, हा खरा प्रश्न आहे.

जनुकसंचाला पुस्तकाची उपमा देण्याची पद्धत आहे. मला त्यापेक्षा सातबारा जवळचा वाटतो. जुन्या नोंदी, कंसातली नावे, ज्यांचा कुणी वारस उरला नाही असे हक्कदार, आणि प्रत्यक्षात बांधावर नांगर घेऊन उभा असलेला कुणी तिसराच.

ही परकी नावे सातबाऱ्यावर चढतात कशी? रेट्रोव्हायरसचे वैशिष्ट्य असे की तो आपला आरएनए डीएनएमध्ये उतरवतो आणि तो डीएनए पेशीच्या डीएनएत शिवून टाकतो. ही उलटी नक्कल करणारे विकर हॉवर्ड टेमिन आणि डेव्हिड बाल्टिमोर यांनी १९७० मध्ये स्वतंत्रपणे शोधले आणि १९७५ मध्ये दोघे नोबेलचे मानकरी झाले. एचआयव्ही याच कुळातला. असा विषाणू रक्ताच्या किंवा फुप्फुसाच्या पेशीत घुसला तर प्रकरण त्या प्राण्याबरोबर संपते. पण क्वचित तो बीजपेशीत, म्हणजे अंड्यात किंवा शुक्राणूच्या मूळ पेशीत शिवला जातो. त्या पेशीपासून संतती झाली तर तिच्या प्रत्येक पेशीत तो असतो, आणि पुढे डोळ्यांच्या रंगासारखा वारशाने उतरत राहतो.

हे पहिल्यांदा म्हणणाऱ्यांवर कुणी विश्वास ठेवला नाही. १९६० च्या दशकाच्या अखेरीस लंडनमध्ये रॉबिन वाइस या तरुण संशोधकाला निरोगी कोंबड्यांच्या पेशींत विषाणूचे जनुक दिसले, आणि तेही मेंडेलच्या नियमाने पिढी दर पिढी उतरणारे. असे शक्य नाही, या शेऱ्यासह त्यांचा निबंध परत आला. वाइस पुढे थेट मलेशियाच्या जंगलात गेले, रानकोंबड्यांत तरी हा विषाणू आहे की नाही ते पाहायला. तिथेही तो होताच.

आज असा प्रकार डोळ्यांदेखत घडताना पाहायचा असेल तर ऑस्ट्रेलियात जावे लागेल. कोआलांना रक्ताचे आणि लसीकाग्रंथींचे कर्करोग करणारा एक रेट्रोव्हायरस आहे. तो सध्या त्यांच्या वारशात शिरतो आहे, हे २००६ मध्ये दाखवले गेले. उत्तरेकडच्या, क्वीन्सलँडच्या कोआलांत तो सर्वांच्या जनुकसंचात बसलेला आहे. दक्षिणेकडे अजून तसे नाही. ज्या घटनेला आपण 'प्राचीन' म्हणतो तिचा हा वर्तमानकाळ, आणि तो काही सुखाचा नाही. कोआले मरत आहेत. आपल्या पूर्वजांच्या बाबतीतही हा गृहप्रवेश सनई-चौघड्यांत झाला असेल असे समजण्याचे कारण नाही.

आत शिरल्यावर काय होते? बहुतेकांचे काहीच होत नाही. पेशी आलेल्या पाहुण्याच्या डीएनएवर रासायनिक खुणा करून त्याचे तोंड बंद करते. पिढ्यान्पिढ्या त्यात चुका साठतात, अक्षरे गळतात, आणि कालांतराने वाचता येण्याजोगे काही उरत नाही. पडीक रानात गवत माजावे तसे. आपल्याकडे १९४८ च्या कूळ कायद्याने, आणि मग १ एप्रिल १९५७ च्या कृषक दिनाने, 'कसेल त्याची जमीन' हे तत्त्व कागदावर आणले. नैसर्गिक निवड हाच कायदा फार पूर्वीपासून राबवत आली आहे, फक्त तिच्याकडे तलाठी नाही. एखादे जनुक उपयोगी पडत असेल तर त्यात चूक झालेली संतती मागे पडते, आणि म्हणून जनुक शाबूत राहते. उपयोग नसेल तर चुकांना कुणी हटकत नाही. (कूळ बोलावलेले होते आणि विषाणू घुसलेला, एवढा फरक या उपमेत आहेच. शिवाय मराठीत 'कूळ' म्हणजे वंश आणि 'कूळ' म्हणजे दुसऱ्याची जमीन कसणारा, हे दोन्ही अर्थ एकाच शब्दात असल्याने इथे माझे काम जरा जास्तच सोपे झाले आहे.)

म्हणून संशोधक आधी शाबूत जनुके शोधतात. विषाणूच्या बाहेरच्या आवरणाचे प्रथिन सुरुवातीपासून शेवटपर्यंत लिहू शकतील अशी जनुके मानवी जनुकसंचात मोजली तर ती विसाच्या आसपास भरतात. चार लाखांतली वीस. त्यांतही सगळी कामाची असतील असे नाही; काही फक्त नवी आहेत आणि अजून मोडायची राहिली आहेत.

वारेतल्या प्रथिनाची चाहूल मात्र जनुकसंच वाचण्याच्या कितीतरी आधी लागली होती. १९७३ मध्ये बबून माकडांच्या वारेचे नमुने इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहताना त्यांत रेट्रोव्हायरससारखे कण दिसले. माकडे निरोगी, गर्भ निरोगी, आणि वारेच्या पेशींतून विषाणूचे कण उमलताहेत. पुढे माणसाच्या वारेतही तसे कण दिसले. पंचवीसेक वर्षे ही गोष्ट कुतूहल म्हणून पडून राहिली.

फेब्रुवारी २००० मध्ये शा मी, जॉन मॅकॉय आणि सहकाऱ्यांनी 'नेचर'मध्ये एक निबंध छापला. मॅसॅच्युसेट्समधील जेनेटिक्स इन्स्टिट्यूट या कंपनीत ते पेशीबाहेर पडणारी नवी प्रथिने शोधत होते. त्यांना एक जनुक सापडले, जे जवळजवळ फक्त वारेत बोलत होते आणि ज्याचा मजकूर रेट्रोव्हायरसच्या आवरणाचा होता. साध्या पेशींमध्ये ते घातले तर पेशी एकमेकींत मिसळू लागल्या. त्यांनी त्याला 'सिन्सायटिन' नाव दिले. त्याच वर्षी फ्रान्समधील लिऑनच्या गटानेही तेच जनुक जाहीर केले. ते तिथे पोचले होते मल्टिपल स्क्लेरोसिस या मज्जारोगाच्या विषाणूचा माग काढत काढत.

कामाची रीत अशी. विषाणूला पेशीत शिरायचे तर स्वतःचे आवरण पेशीच्या आवरणात मिसळावे लागते. त्यासाठी त्याच्या अंगावर एक दोन भागांचे प्रथिन असते. एक भाग पेशीवरचा ठरावीक ग्राहक रेणू पकडतो. दुसरा आकड्यासारखा पेशीच्या पटलात रुततो आणि दोन्ही पटले ओढून जवळ आणतो. हेच प्रथिन विषाणूऐवजी एखाद्या पेशीच्या अंगावर उगवले आणि शेजारणीच्या अंगावर तो ग्राहक रेणू असला, तर दोन पेशी एक होतात. घरफोडीची पहार होती तीच, आता घरातल्या भिंती पाडून दालन करायला वापरली.

माणसात अशी दोन प्रथिने आहेत. पहिले, सातव्या गुणसूत्रावरचे, अडीच कोटी वर्षांहून थोडे जुने. दुसरे सहाव्या गुणसूत्रावरचे, २००३ मध्ये पॅरिसजवळच्या गुस्ताव्ह रूसी संस्थेत थिएरी हाइडमान यांच्या गटाला सापडले. ते ४ कोटी वर्षांहून जुने आहे आणि दक्षिण अमेरिकेच्या माकडांतही आढळते. दोन वेगळे विषाणू, दोन वेगळ्या काळांतल्या साथी, पण काम एकच.

'सापडले' आणि 'आवश्यक आहे' यांत बरेच अंतर असते, आणि या विषयातल्या लोकप्रिय लेखनात ते सर्रास गाळले जाते. हे अंतर ओलांडले ते उंदरांमुळे. उंदरालाही अशी दोन जनुके आहेत, आणि गंमत अशी की त्यांचा आपल्या दोन्ही जनुकांशी काहीही संबंध नाही. ती पूर्ण वेगळ्या विषाणूंकडून, पूर्ण वेगळ्या जागी आलेली आहेत. २००९ मध्ये हाइडमान यांच्या गटातील आन द्युप्रेसॉआर आणि सहकाऱ्यांनी त्यातले एक जनुक काढून टाकलेले उंदीर तयार केले. गर्भ साडेअकरा ते साडेतेरा दिवसांच्या दरम्यान मेले, कारण वारेतला तो एकसंध थर नीट तयार झालाच नाही. उंदराचा गर्भकाळ तीन आठवड्यांच्या आसपास. म्हणजे अर्ध्या वाटेवर. विषाणूकडून आलेल्या जनुकाशिवाय उंदरासारखा सस्तन प्राणी जन्मालाच येत नाही, याचा इतका स्वच्छ पुरावा दुसरा नाही.

त्यानंतर या गटाने जणू प्राणिसंग्रहालयच पालथे घातले. सशात वेगळे सिन्सायटिन. कुत्रा, मांजर आणि त्यांच्या मांसाहारी गणात वेगळे, ६ कोटी वर्षांहून जुने. गाय, मेंढी या रवंथ करणाऱ्यांत आणखी वेगळे. ज्यांची वार जेमतेम काही दिवसांची असते त्या ओपोसमसारख्या पिशवीवाल्या प्राण्यांतही एक. आणि २०१७ मध्ये, पिल्ले घालणाऱ्या आणि खरीखुरी वार असणाऱ्या दक्षिण अमेरिकेतील माबुया नावाच्या सापसुरळीच्या जातीतल्या सरड्यातही. उलट घोडा आणि डुक्कर यांच्या वारेत असा एकसंध थर नसतो, आणि त्यांच्यात सिन्सायटिनही मिळालेले नाही. माझ्या मते हा नकार सर्व होकारांइतकाच मोलाचा आहे.

इथे एक कोडे उभे राहते. वार दहा कोटी वर्षांहून जुनी आणि आपले सर्वांत जुने सिन्सायटिन चार-साडेचार कोटींचे. मग त्याआधी भिंती कोण पाडत होते? सर्वांत पटणारे उत्तर असे : आधी कुठलातरी एक विषाणू हे काम करत असावा. त्यानंतर दुसरा आला, त्याने ते अधिक चांगले केले, आणि पहिल्याचे जनुक पडीक होऊन मोडले. मग तिसरा. जपानी संशोधकांनी याला शर्यतीतल्या दांडीच्या देवाणघेवाणीची उपमा दिली आहे. आपल्याकडे खो-खो आहे. पाठलाग चालूच राहतो, पाठलाग करणारा बदलतो. या कल्पनेला आधारही मिळतो : आपले पहिले सिन्सायटिन ज्या विषाणूचे, त्याच्या खुणा आफ्रिका-आशियातल्या माकडांतही आहेत, पण तिथे हे जनुक मोडलेले आहे. माणूस, चिंपांझी, गोरिला, ओरांगउटान, गिबन यांच्यातच ते शाबूत आहे. बबूनचे त्यावाचून काही अडत नाही.

मग माणसाचे अडते का? प्रामाणिक उत्तर असे की सगळे पुरावे त्या दिशेने बोट दाखवतात, पण उंदराइतका स्वच्छ पुरावा माणसात मिळणे शक्य नाही, आणि मिळवूही नये. बशीत वाढवलेल्या वारेच्या पेशींत ही प्रथिने दाबली तर त्यांचे एकमेकींत मिसळणे कमी होते. २००९ च्या एका अभ्यासात दुसरे, कमी प्रसिद्ध सिन्सायटिन दाबल्यावर परिणाम अधिक दिसला. गर्भारपणात रक्तदाब चढून आई-बाळ दोघांना धोका होतो त्या प्री-एक्लॅम्प्सियात वारेतली ही प्रथिने कमी झालेली आढळतात. पण ती कमी झाली म्हणून वार बिघडली, की वार बिघडली म्हणून ती कमी झाली? आग आणि धूर यांतले आधी कोणते, ते अजून ठरलेले नाही.

या प्रथिनांच्या नावावर आणखी एक काम लावले जाते. रेट्रोव्हायरसच्या आवरणात प्रतिकारशक्ती मंद करणारा एक तुकडा असतो. बापाच्या बाजूने अर्धे परके असलेले बाळ आईचे शरीर नऊ महिने खपवून कसे घेते, या जुन्या प्रश्नाला तिथे आयते उत्तर सापडल्यासारखे वाटते. २००७ मध्ये उंदरांवरच्या चाचण्यांत माणसाच्या दुसऱ्या सिन्सायटिनमध्ये तो गुण दिसला, पहिल्यात नाही. गोष्ट फार गोड आहे. मला ती तेवढ्यासाठीच थोडी संशयास्पद वाटते. गर्भवतीच्या शरीरात हे असेच चालते असे अजून कुणी दाखवलेले नाही.

वारेबाहेरही पेशी मिसळतात. स्नायूचा तंतू हा असाच अनेक पेशींचा मिळून बनतो. हाइडमान यांच्याच गटाने २०१६ मध्ये दाखवले की उंदराचे दुसरे सिन्सायटिन काढले तर नरांचे स्नायू सुमारे २० टक्के हलके भरतात, माद्यांचे नाही. वारेसाठी ठेवलेल्या गड्याकडून नरांनी तालमीत काम करून घेतले, असेच म्हणायचे.

दुसरा मोठा वर्ग राखणदारांचा. काट्याने काटा काढावा तसा हा प्रकार. विषाणूचे आवरण-प्रथिन आपल्याच पेशीने बनवले आणि ते आपल्याच ग्राहक रेणूंवर बसवून ठेवले, तर बाहेरून येणाऱ्या त्याच जातीच्या विषाणूला पकडायला जागा उरत नाही. उंदरांत आणि कोंबड्यांत हे बऱ्याच काळापासून माहीत आहे. माणसात २०२२ मध्ये कॉर्नेल विद्यापीठातील सेड्रिक फेशॉट यांच्या गटाने 'सप्रेसिन' या प्रथिनाबद्दल ते दाखवले. सप्रेसिन हेही विषाणूचेच उरलेले आवरण, वारेत आणि कोवळ्या गर्भात बनणारे. पहिले सिन्सायटिन ज्या रेणूला धरते त्यालाच ते आधी जाऊन बसते. त्यामुळे दोन गोष्टी साधतात : पेशींच्या मिसळण्याला लगाम लागतो, आणि मांजरांत सापडणाऱ्या एका रेट्रोव्हायरसच्या कुळाला दार बंद होते. त्या कुळाचे विषाणू आज माणसाला होत नाहीत. कधीकाळी झाले असतील म्हणून तर राखणदार नेमला गेला असेल. किंवा तो लगामासाठी ठेवला आणि राखण फुकट मिळाली. दोन्ही शक्य आहे.

आता मेंदूकडे. इथे एक सावधगिरीची सूचना आधीच द्यायला हवी. ज्या जनुकांविषयी पुढे लिहितो ती काटेकोरपणे विषाणूंची नाहीत. ती रेट्रोट्रान्सपोझॉनची, म्हणजे रेट्रोव्हायरसच्या जवळच्या, पण सहसा पेशीबाहेर न पडणाऱ्या नातलगांची आहेत. डीएनएच्या आत एका जागेवरून दुसऱ्या जागी नकला टाकत फिरणारी भटकी टोळीच म्हणा. वर्तमानपत्रे हा भेद पाळत नाहीत.

आर्क हे जनुक १९९५ मध्ये सापडले. मेंदूतील चेतापेशी उत्तेजित झाली की ते लगेच बोलू लागते. उंदरात ते काढले तर उंदीर शिकतो, पण शिकलेले टिकत नाही. म्हणून स्मृतीच्या अभ्यासकांचे ते लाडके जनुक. २०१८ च्या जानेवारीत 'सेल' या नियतकालिकात दोन निबंध शेजारी शेजारी आले, एक युटा विद्यापीठातील जेसन शेफर्ड यांच्या गटाचा उंदरांवरचा, दुसरा मॅसॅच्युसेट्समधील व्हिव्हियन बडनिक यांच्या गटाचा फळमाश्यांवरचा. दोघांना एकच दिसले. आर्कची प्रथिने एकत्र येऊन एचआयव्हीच्या आतल्या पेटीसारखी पोकळ पेटी बनवतात, तीत आर्कचाच आरएनए भरतात, आणि ती पेटी पटलात गुंडाळून शेजारच्या पेशीकडे पाठवतात. शेफर्ड यांनी तर आधी सूक्ष्मदर्शकाखाली हे कण पाहिले तेव्हा नमुन्यात खरा विषाणू शिरला की काय, असेच वाटण्याजोगे चित्र होते. त्याहून चक्रावणारी गोष्ट अशी की माशीचा आर्क आणि आपला आर्क एकाच पूर्वजाकडून आलेले नाहीत. एकाच टोळीतले दोन गडी दोन वेगळ्या वाड्यांवर वेगवेगळ्या काळी चाकरीला राहिले आणि दोघांना टपाल वाटण्याचेच काम मिळाले. त्या टपालात नेमके काय लिहिलेले असते, आणि शेजारची पेशी ते वाचून काय करते, ते मात्र अजून उलगडलेले नाही. 'स्मृती हा विषाणूचा संसर्ग आहे' असले वाक्य वाचले की पान उलटावे.

याच टोळीतल्या आणखी दोघांचा पत्ता पुन्हा वारेचाच. पेग-१० आणि आरटीएल-१. जपानमध्ये तोमोको कानेको-इशिनो आणि फुमितोशी इशिनो यांनी या घराण्याचा सर्वाधिक अभ्यास केला. हे घराणे फुगू माशात सापडलेल्या ज्या रेट्रोट्रान्सपोझॉनशी जुळते त्याचे नाव 'सुशी-इची' आहे, शास्त्रज्ञांनाही भूक लागतेच. पेग-१० काढलेले उंदराचे गर्भ वारेअभावी लवकर मरतात. या दोन्ही जनुकांची फक्त बापाकडून आलेली प्रत बोलते, आईकडची गप्प असते. अंडी घालणाऱ्या प्लॅटिपसमध्ये पेग-१० नाही. पिशवीवाल्यांत आणि आपल्यात आहे. म्हणजे हा गडी पोटात पिल्लू वाढवण्याच्या प्रथेबरोबरच कामाला लागला असावा.

पेग-१० लाही पेटी बनवता येते. २०२१ मध्ये फेंग झांग यांच्या गटाने या पेटीत आपल्याला हवा तो आरएनए भरला, तिच्या अंगावर पेशींना मिसळवणारे प्रथिन बसवले आणि ती दुसऱ्या पेशींत उतरवून दाखवली. जनुकोपचारासाठी आज वापरतात त्या विषाणूंना शरीर परके समजते. ही पेटी आपल्याच घरातली, म्हणून तिला विरोध कमी होईल, अशी आशा. आशाच म्हणतो, कारण घरच्या पेट्याही कधी उलटतात. पीएनएमए-२ हे असेच आणखी एक पेटी बनवणारे प्रथिन, एरवी मेंदूपुरते राहणारे. काही कर्करोगांच्या गाठीत ते भलत्या जागी बनू लागते. शेफर्ड यांच्या गटाने २०२४ मध्ये दाखवले की या विषाणूसारख्या पेट्या पाहून प्रतिकारशक्ती चवताळते, त्यांच्याविरुद्ध प्रतिपिंडे बनवते, आणि मग तोच मारा मेंदूवर होतो. इतक्या काळानंतरही शरीराला त्या आकारातला विषाणू ओळखू येतो.

रोगांच्या बाजूचा आढावा मी थोडक्यात घेणार आहे, कारण तिथे दावे जास्त आणि निकाल कमी आहेत. मल्टिपल स्क्लेरोसिसमध्ये सिन्सायटिनच्याच कुळातले एक आवरण-प्रथिन मेंदूत वाढलेले दिसते. त्याला निष्प्रभ करणारे औषध रुग्णांवर तपासले गेले, पण मुख्य कसोटीवर ते उतरले नाही. स्नायू निकामी करणाऱ्या एएलएस या आजारात दुसऱ्या एका कुळाचे प्रथिन चेतापेशींना मारते, असा निबंध अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेतील अविंद्र नाथ यांच्या गटाने २०१५ मध्ये छापला. त्यावर वाद चालू आहे. आजारी पेशीत पहारा ढिला पडतो आणि जुनी, गप्प केलेली जनुके बडबडू लागतात. बडबड ऐकू आली म्हणजे गुन्हेगार सापडला असे होत नाही. उलट फुप्फुसाच्या कर्करोगात ही बडबड रुग्णाच्या पथ्यावर पडते असे २०२३ मध्ये लंडनच्या फ्रान्सिस क्रिक संस्थेतील जॉर्ज कासिओटिस यांच्या गटाने दाखवले : गाठीवर उगवलेल्या जुन्या विषाणूच्या प्रथिनांविरुद्ध शरीर प्रतिपिंडे बनवते आणि त्यांची प्रतिकारोपचाराला मदत होते.

सिन्सायटिन हा शब्द सामान्य माणसाच्या फोनवर आला तो मात्र भलत्याच वाटेने. डिसेंबर २०२० मध्ये युरोपच्या औषध नियामकांकडे एक अर्ज गेला. करोनाच्या काटेरी प्रथिनाचे सिन्सायटिनशी साम्य आहे, त्यामुळे लशीने बनणारी प्रतिपिंडे वारेवर हल्ला करतील आणि बायकांना वांझपण येईल, असे त्यात म्हटले होते. साम्य म्हणजे शेकडो अमिनो आम्लांच्या माळेत चार-दोन मणी जुळणे. तेवढे साम्य कोणत्याही दोन प्रथिनांत निघते. पण अफवेला व्हॉट्सॲप पुरते. आपल्याकडे तिने पुरुषांचाही समावेश केला आणि जानेवारी २०२१ मध्ये देशाच्या औषध महानियंत्रकांना नपुंसकतेची बातमी धादांत खोटी आहे असे पत्रकार परिषदेत सांगावे लागले. खरे तर प्रयोगशाळेची गरजही नव्हती. करोना झालेल्या माणसाच्या अंगातही त्याच काटेरी प्रथिनाविरुद्ध प्रतिपिंडे बनतात. ती वारेला मारत असती तर साथीच्या पहिल्याच वर्षी जगभर गर्भपातांची लाट आली असती. नंतर लस घेतलेल्या स्त्रियांच्या रक्तात सिन्सायटिनविरुद्ध प्रतिपिंडे शोधली गेली, कृत्रिम गर्भधारणेत गर्भ रुजण्याचे प्रमाण तपासले गेले. फरक मिळाला नाही. एका सुंदर शोधाची पहिली सार्वजनिक ओळख अशी व्हावी याचे मला अजून वाईट वाटते.

सिन्सायटिनवाचून माणसाचे अडते का, हे तपासण्यात अडचण सध्या कच्च्या मालाची आहे. जुन्या काळी पुरली जाणारी वार आता रुग्णालयात पिवळ्या पिशवीतून जाळायला जाते, आणि संशोधकांना ती परवानगी घेऊन सहज मिळते. माणसाचा इतका ताजा, निरोगी अवयव दुसरा कुठला मिळणार? पण ती असते नऊ महिन्यांची, काम संपलेली. भिंती पडायला सुरुवात होते ती गर्भ रुजल्यानंतरच्या पहिल्या काही दिवसांत, जेव्हा बाईला दिवस गेल्याचे कळलेलेही नसते. २०१८ मध्ये दोन वाटा उघडल्या. जपानमधील तोहोकू विद्यापीठाने वारेच्या मूळपेशी बशीत टिकवून दाखवल्या, आणि केंब्रिजच्या गटाने वारेचे इवलेसे गोळे वाढवले. या गोळ्यांतही पेशी आपसूक मिसळून एकसंध थर बनवतात, पण उलटा घातलेल्या सदऱ्यासारखा, जो बाहेर हवा तो आत. द्रावात तरंगत ठेवले तर तो सुलटा होतो असे अलीकडे दिसले आहे. अशा सुलट्या गोळ्यांमधून आधी एक सिन्सायटिन काढायचे, मग दुसरे, मग दोन्ही, आणि भिंती उभ्या राहतात का ते पाहायचे, हा प्रयोग माणसाच्या बाबतीतही आता आवाक्यात आला आहे.